सोयाबीन आपलं, टोफू कुणाचा?

नागपुरात आता संध्याकाळी घराबाहेर पडलं की अर्धा आशिया खंड खायला मिळतो. धरमपेठ, रामदासपेठ, सदरातल्या कॅफेंत सुशी, रामेन, बाओ आणि थाई करी. फुटाळ्यावर मोमो. मेडिकल चौकापासून नंदनवनापर्यंत आणि मनीषनगरापासून सक्करदऱ्यापर्यंत चायनीजचे ठेले. मला याचा मनापासून आनंद आहे. पोरंपोरी घोळक्याने निघतात, नाव उच्चारता न येणारं काहीतरी मागवतात, एकमेकांच्या ताटात हात घालतात. पोह्यावर तर्री ओतणाऱ्या गावाने थुक्पा पिऊ नये, असा कायदा कुणी केलेला नाही.

माझं भांडण चवीशी नाही, पुरवठ्याशी आहे. बहुतेक मेनूकार्डांवर सगळे देश आहेत, फक्त विदर्भ नाही. नूडल्स पाकिटातले, सॉस बाटलीतला, बांबूचे कोंब डब्यातले, तांदूळ थायलंडचा. आणि हे विकलं जातं त्या शहराच्या चारही बाजूंना सोयाबीन, धान, मिरची, बांबू आणि तलाव पसरलेले आहेत. हा आळस आहे, आणि त्याचे पैसे आपण बिलात भरतो.

आधी ठेलेवाल्याला त्याचं श्रेय देऊ. कोलकात्यात दोनशे वर्षांहून अधिक काळ चिनी वस्ती आहे. टांगरा भागात हक्का लोकांनी कातडी कमावण्याचे कारखाने चालवले आणि त्यांच्याच चुलींवर भारतीय चायनीज आकाराला आलं. कोलकात्यातच वाढलेल्या नेल्सन वाँग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन केलं, असं सांगितलं जातं. आलं, लसूण, हिरवी मिरची इथलीच. फक्त गरम मसाल्याच्या जागी सोया सॉस. तो पदार्थ टिकला तो याच कारणाने. त्याने इथल्या बाजारातलं सामान घेतलं आणि इथल्या जिभेचं ऐकलं. नागपूरच्या ठेल्यावर कोबी-गाजराचे गोळे तळणारा माणूस तेच करतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘भाऊ, तिखट वाढव ना जरा,’ आणि तो वाढवतो. महागड्या कॅफेच्या शेफने त्याच्याकडे शिकायला जावं, इतकं हे मोठं काम आहे.

पण ठेल्याची एक गोष्ट मला मान्य नाही, ती म्हणजे मंचुरियनचा भडक लाल रंग. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली. तपासलेल्या नमुन्यांत असुरक्षित रंग निघाले होते आणि कपडे रंगवायला वापरतात त्या रोडामाइन-बीचं नाव तेव्हा घरोघरी पोचलं. आपण मात्र अजून लाल रंग बघूनच पदार्थ तिखट असल्याचं ठरवतो. नागपूर जिल्ह्यातच भिवापूर आहे. तिथल्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. रंगासाठीच ती नावाजलेली, तरी तिची लागवड वर्षानुवर्षं आटत गेली. कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात आणि त्याच शहरात पुडीतला रंग कढईत पडतो. शेजवान चटणी म्हणजे शेवटी लाल मिरची, लसूण, तेल आणि व्हिनेगर. भिवापुरी मिरची भिजवून, वाटून, तेलात मंद परतली तर रंगाच्या पुडीची गरज उरत नाही.

लोक घाबरतात ते मात्र अजिनोमोटोला. टोकियोत किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली समुद्रशैवालाच्या सारातून त्यातला चवीचा घटक, म्हणजे ग्लुटामेट, वेगळा काढला. तेच ग्लुटामेट टोमॅटोतही निसर्गतः असतं. ‘नो अजिनोमोटो’ची पाटी बघून समाधान मानणारा माणूस कढईतल्या काळ्या तेलाकडे बघत नाही. तळून तळून तेलात पोलर संयुगं वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेली की ते तेल वापरायचं नाही, असा केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. तेल घट्ट झालं, फेसाळलं, लवकर धुरावलं, तर ठेला बदला. पाटीपेक्षा कढई वाचायला शिका.

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे सोयाबीनवर. कापसाच्या बरोबरीने विदर्भातला शेतकरी ज्याच्यावर उभा आहे ते हे पीक. २०२४-२५ साठी त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि त्या हंगामात असंख्य शेतकऱ्यांनी त्याखाली माल विकला. २०२५-२६ साठी तो ५,३२८ रुपये झाला. दाण्यात तेल साधारण १८ टक्के. तेल काढलं की उरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते किंवा निर्यात होते. एवढ्या प्रथिनांचं पीक आपल्या दारात उगवतं, आणि ताटात येतं ते बहुतांशी तेलाच्या पिशवीतून.

त्याच दाण्याचा टोफू होतो. सोयाबीन रात्रभर भिजवायचं, वाटायचं, नीट उकळायचं, गाळायचं, त्या दुधात मॅग्नेशियम क्लोराइड किंवा कॅल्शियम सल्फेट घालून ते साकळवायचं आणि फडक्यात दाबायचं. उकळणं टाळायचं नाही, कारण कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत. किलोभर दाण्यापासून दीड-दोन किलो टोफू मिळतो. घरी पनीर करणारा कुणीही हे आठवड्याभरात शिकेल. मोठी यंत्रणा लागत नाही. मोठं पातेलं, वाटणयंत्र आणि स्वच्छ पाणी लागतं. यवतमाळच्या, वर्ध्याच्या, उमरेडच्या महिला बचत गटांना हा धंदा कुणी दाखवला पाहिजे? ज्यांच्या मेनूकार्डावर टोफू आहे त्यांनी. नियमित गिऱ्हाईक मिळाल्याशिवाय कुणी पातेलं चढवत नाही.

नूडल्सचं तर आणखी सोपं आहे. ज्या घरांत उन्हाळ्यात पाटावर शेवया वळल्या जायच्या, काडीवर कणकेचा दोरा गुंडाळून सरगुंडे वाळवले जायचे, बोटवे आणि नखुले करून लग्नाच्या रुखवतात मांडले जायचे, त्या प्रदेशाला नूडल्स नवीन नाहीत. आमरसाबरोबर सरगुंडे खाल्लेल्या माणसाला रामेनचं कौतुक पटकन समजतं, कारण कणकेला तार देण्याचं कसब त्याच्या आजीच्या बोटांत होतं. हे कसब असलेल्या बाया अजून आहेत. त्यांना वर्षभर काम देईल असं एकही कॅफे या शहरात निघालं, तर मी तिथे रांगेत उभा राहीन.

बांबूच्या कोंबांचा डबा फोडण्याआधी गडचिरोलीचा नकाशा उघडा. तिथे पावसाळ्यात वास्त्यांची, म्हणजे याच कोंबांची, भाजी होते. मेंढा-लेखा या गावाला २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेमार्फत देण्याचा हक्क मिळाला आणि देशभर त्याची चर्चा झाली. कोवळा कोंब तोडला की तो बांबू संपतो, म्हणून किती तोडायचे हे ग्रामसभेनेच ठरवावं. पण योग्य दाम देणारं गिऱ्हाईक दीड-दोनशे किलोमीटरवर आहे, हे तिला कळू तरी द्या. कोंब कच्चे खाऊ नयेत, चिरून उकळून पाणी फेकून द्यावं लागतं. तिथल्या घराघरांत हे ठाऊक आहे.

शिंगाड्याचंही तसंच. चिनी स्वयंपाकातला शिंगाडा वेगळ्या वनस्पतीचा, पण दाताखाली लागणारा कुरकुरीतपणा आपल्या शिंगाड्यातही आहे. भंडारा-गोंदियाच्या तलावांत ढीमर कुटुंबं तो पिकवतात, हिवाळ्यात नागपूरच्या रस्त्यांवर तो विकायला येतो, आणि उपवास संपला की आपण त्याला विसरतो. थाई करीबरोबर भात हवा तर भंडाऱ्याचा चिन्नोर आहे, सुगंधी आणि मऊ शिजणारा, त्यालाही भौगोलिक मानांकन आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या तुकडाभर शेतात निवड करत एचएमटी हे धानाचं वाण शोधलं आणि ते कित्येक राज्यांत पोचलं. ज्या मातीत असं डोकं चाललं, तिथे करीसाठी तांदूळ परदेशातून आणायचा, हे मला सहन होत नाही.

आणि संत्रं! चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात शिनहुई म्हणून जागा आहे. तिथे संत्र्याची साल वाळवून वर्षानुवर्षं मुरवतात. साल जितकी जुनी, तितकी किंमत जास्त. ती सुपात जाते, मांसात जाते, चहात जाते. नागपूरचं संत्रं त्याच मँडरिन कुळातलं. ऑक्टोबरनंतर आंबिया बहाराची फळं येतात, फेब्रुवारी-मार्चमध्ये मृग बहाराची, आणि रसवाल्यांच्या मागे सालींचे ढीग कुजतात. फवारणी टाळलेल्या बागेतली साल वाळवून ठेवायला फक्त ऊन लागतं. उन्हाची टंचाई नागपुरात कधी होती?

सामानाइतकंच माणसांविषयी बोललं पाहिजे. मोमो आपल्याकडे दूरवरून आले असं ज्यांना वाटतं, त्यांनी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावला जावं. १९७२ पासून तिथे तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. ही माणसं तिथे शेती करतात आणि हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटर विकायला जातात. दोन पिढ्या आपण तिबेट्यांशी स्वेटरच्या किमतीवर घासाघीस केली. थुक्पा कसा करता, टिंगमो या वाफवलेल्या पावाचं पीठ किती वेळ फुगवता, हे विचारलं नाही. मोमोबरोबर मेयोनीज खाणाऱ्या शहराला खरी चटणी देऊ शकतील अशी घरं विदर्भात अर्धशतकापासून आहेत.

याच शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशाचे. जपानहून आलेले भदंत आर्य नागार्जुन सुरई ससाई अनेक दशकांपूर्वी इंदोऱ्यात आले आणि नागपूरचेच झाले. कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध मंदिराच्या उभारणीमागे जपानी मैत्री आहे. त्याही आधी, १९३३ मध्ये, जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी वर्ध्याला गांधीजींना भेटायला आले होते. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, परदेशी भिक्खूही येतात. आशियाशी इतकं खोल नातं महाराष्ट्रातल्या दुसऱ्या कुठल्या शहराला आहे? त्या नात्याचं जेवण आपण का करत नाही? त्या दिवसांत ब्रह्मदेशी, जपानी, थाई, तिबेटी स्वयंपाकाची एक साधी, स्वस्त, स्वच्छ रांग कस्तुरचंद पार्कावर लागली पाहिजे. प्रशासनाने ठरवलं तर हे जमेल.

कुणी म्हणेल, लोकांना हे नकोच, त्यांना चीज घातलेली सुशी हवी. मी हे मान्य करत नाही. सावजीचा रस्सा घाम पुसत खाणारं, पाटोडीला रस्सा लावणारं, सांबारवडीत बोटभर जाड सांबार, म्हणजे कोथिंबीर, भरणारं हे शहर चवीत कच्चं नाही. त्याला तयारीचं अन्न मिळालं की ते ओळखतं. भित्रे आहेत ते मेनू लिहिणारे.

म्हणून काम आपण वाटून घेऊ. ठेलेवाल्यांनी रंगाची पुडी टाकावी आणि मिरचीवर दोन रुपये जास्त घ्यावेत, ते आपण देऊ. कॅफेवाल्यांनी विदर्भातल्या शेतकऱ्याचं, बचत गटाचं, ग्रामसभेचं नाव मेनूकार्डावर छापावं. ज्या अक्षरात ‘क्योटो’ छापतात, त्याच अक्षरात. कृषी विद्यापीठाने, अन्न व औषध प्रशासनाने टोफू करणाऱ्या बायांना शिकवणी आणि परवाना एकाच खेपेत द्यावा.

तुमचं काम सगळ्यात सोपं. पुढच्या वेळी बसलात की वेटरला तीन गोष्टी विचारा: टोफू कुठला, मिरची कुठली, तांदूळ कुठला. पहिल्यांदा तो गोंधळेल. दुसऱ्यांदा मॅनेजरला बोलावेल. महिनाभर शहरातल्या प्रत्येक टेबलावरून हेच तीन प्रश्न गेले, तर मालक उमरेड रोडने गाडी काढून स्वतः शोधायला निघेल. आणि एवढं विचारूनही उत्तर मिळालं नाही, तर उठा आणि शेजारच्या ठेल्यावर जा. तो निदान कोबी तरी इथला वापरतो.