व्हेंचर कॅपिटल फंडातील मार्केटिंग : रुजू होणाऱ्यांसाठी

व्हेंचर कॅपिटल फंडाचा मार्केटिंग विभाग म्हणजे बहुधा एक माणूस, एक लॅपटॉप आणि प्रत्येक मजकुरावर मत असलेले पाच-सहा पार्टनर. या माणसाने खपवायचा माल म्हणजे पैसा. पैसा सगळ्या फंडांचा सारखाच. फाउंडरच्या खात्यात एकदा जमा झाला की कुठला कोणाचा हे बँकेलाही सांगता येत नाही. तरीही आपला पैसा शेजारच्या फंडाच्या पैशापेक्षा जास्त जाणता, प्रेमळ आणि धीराचा आहे, हे लोकांना पटवणे हेच या पदाचे मुख्य काम होय.

रुजू होताच आधी कायदा वाचावा. भारतात हे फंड सेबीच्या 2012 च्या पर्यायी गुंतवणूक निधी नियमांखाली नोंदवले जातात. त्यांनी भांडवल खासगीरीत्याच उभारायचे असते, आम जनतेला आवाहन करायचे नसते. एका गुंतवणूकदाराकडून सर्वसाधारणपणे किमान 1 कोटी रुपये घ्यायचे आणि एका योजनेत 1000 च्या वर गुंतवणूकदार होऊ द्यायचे नाहीत. थोडक्यात, ज्या वस्तूची जाहिरात करायला मनाई, तिच्या प्रसिद्धीसाठी ही नेमणूक. यात काही विसंगत वाटलेच तर ते पहिल्या आठवड्यात वाटून घ्यावे. पुढे सवड मिळत नाही. यावरचा रूढ तोडगा असा, की फंडाविषयी बोलायचेच नाही. मध्यमवर्गाविषयी बोलावे, कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी बोलावे, अगदीच काही सुचले नाही तर भारताच्या भवितव्याविषयी बोलावे. मुंबईच्या ब्लूम व्हेंचर्सचा इंडस व्हॅली अहवाल दरवर्षी अशाच विषयांवर निघतो. तो खरोखरच वाचनीय असल्यामुळे बाकीच्यांची पंचाईत झाली आहे.

पूर्वी हे पद नव्हते. कॅलिफोर्नियातल्या सँड हिल रोडवरचे गुंतवणूकदार स्वतःविषयी फारसे बोलत नसत. 2009 मध्ये अँड्रीसन होरोविट्झ हा फंड निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याने मार्गिट वेनमाकर्स या जनसंपर्क क्षेत्रातल्या मातब्बर बाईंना थेट पार्टनर करून घेतले. 2011 मध्ये मार्क अँड्रीसन यांनी सॉफ्टवेअर सगळे जग गिळत चालल्याचा लेख वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लिहिला. तेव्हापासून आपल्याही पोटात असा एक लेख आहे, अशी जगभरच्या पार्टनरांची समजूत झाली आहे. तो बाहेर काढण्याची जबाबदारी मार्केटिंगची.

फंडाचे नाव ठेवण्याची वेळ क्वचितच येते. आलीच, तर झाड किंवा डोंगर निवडावा. सिक्वोया या अमेरिकन फंडाचे नाव एका प्रचंड वृक्षाचे. 2023 मध्ये सिक्वोयाची भारतीय शाखा वेगळी व्हायची ठरली, तेव्हा तिने पीक फिफ्टीन हे नाव घेतले. एव्हरेस्टचे बारसे होण्याआधी सर्वेक्षण खात्याच्या दप्तरात त्या शिखराची ओळख तीच होती. नदी टाळावी, कारण तिच्यासोबत पैसा वाहून जाण्याचा विचार मनात येतो.

खरी कसोटी गुंतवणुकीच्या घोषणेत लागते. घोषणेचा मसुदा म्हणजे लग्नपत्रिका होय : मजकूर ठरलेला, भांडण नावांच्या क्रमाचे. मुख्य गुंतवणूकदार आधी, ‘यांचाही सहभाग’ असलेले नंतर, आणि एंजल मंडळींत कोणाचे नाव गाळायचे यावर रात्री अकरापर्यंत व्हॉट्सॲप ग्रुप जागा. ‘आम्हाला केवळ भांडवल नव्हे, तर खरा साथीदार मिळाला,’ हे फाउंडरचे उत्स्फूर्त उद्गार मार्केटिंगने आदल्या दिवशी लिहून त्याच्या संमतीसाठी पाठवावेत. संमती ‘👍’ अशी येते. बातमी सकाळी नऊपर्यंत एकाच पत्रकारासाठी राखून ठेवलेली असते. आदल्या संध्याकाळी दुसऱ्याच फंडातला एखादा उत्साही पोरगा रॉकेटचे चित्र टाकून ती फोडतो. यावर इलाज नाही. छापून आलेल्या बातमीत रक्कम तेवढी राहते, साथीदार कापला जातो.

फाउंडरवर गौरवलेख लिहिताना हात राखून लिहावे. सप्टेंबर 2022 मध्ये सिक्वोयाने एफटीएक्स या क्रिप्टोचलन बाजाराच्या फाउंडरवर, सॅम बँकमन-फ्राइडवर, भला मोठा कौतुकाचा लेख आपल्या वेबसाइटवर टाकला होता. नोव्हेंबरात ती कंपनी कोसळली. सिक्वोयाने 21 कोटी डॉलरहून अधिक गुंतवणूक शून्य धरली आणि लेखही उतरवला. तेव्हा असे लेख एका क्लिकवर उतरवता येतील, याची खातरजमा वेबसाइट बनवणाऱ्याकडून आधीच करून घ्यावी.

नम्रतेलाही या धंद्यात जागा आहे, पण ती परवडायला हवी. बेसेमर या जुन्या फंडाने आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादीच वेबसाइटवर ठेवली आहे : गूगल, ॲपल, ईबे, आणि सात वेळा नाकारलेली फेडएक्स. ही यादी शोभते, कारण शेजारी यशस्वी कंपन्यांचीही भरघोस यादी आहे. पहिलाच फंड असलेल्यांनी हा प्रयोग करू नये. त्यांच्याकडे पहिलीच यादी तेवढी भरते.

बंद पडलेल्या कंपन्यांचे लोगो एकदम काढू नयेत. आधी ते दुसऱ्या रांगेत न्यावेत, मग ‘आणखी पाहा’ या बटनामागे, आणि वेबसाइटचे नूतनीकरण होईल तेव्हा ते आपोआप राहून जातील. फाउंडरचा फोन आलाच, तर डिझायनरचे नाव सांगावे.

कामाचे मोजमाप हा या नोकरीतला सर्वांत सुखद भाग. फंडाची मुदत साधारण दहा वर्षांची. गुंतवणूक फळली की नाही हे तोवर नीट कळत नाही, आणि फळलीच तर ती मार्केटिंगमुळे फळली का, हे तेव्हाही कळत नाही. रूढ हिशेबात नफ्याचे 20 टक्के पार्टनरांकडे जातात. दरवर्षीच्या 2 टक्के शुल्कातून कार्यालयाचे भाडे, वार्षिक मेळाव्याचे बॅनर आणि मार्केटिंगवाल्याचा पगार निघतो. म्हणून पगाराची बोलणी नवा फंड उभा राहिल्याबरोबर करावीत, त्या वेळी शुल्काची रक्कम ताजी असते. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या फंडाकडून बोलावणे आले तर जावे. जाताना मागून येणाऱ्याच्या हाती पार्टनरांच्या लिंक्डइन खात्यांचे पासवर्ड, दुसऱ्या रांगेतल्या लोगोंची यादी आणि अजून न आलेल्या गुंतवणुकींसाठी आगाऊ लिहून ठेवलेले फाउंडरचे उद्गार सोपवावेत.