हौशी गवयाची आक्षेपमीमांसा

बँकेतून किंवा शिक्षण खात्यातून निवृत्त झालेला, अंगावर ठेवणीतली शाल आणि हाती काळी दोनमध्ये लावलेला विजेवरचा तंबोरा असलेला हौशी गवई महाराष्ट्राच्या प्रत्येक लहानमोठ्या शहरात आढळतो. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंत चढत जाणाऱ्या परीक्षांपैकी दोन-तीन त्याने दिलेल्या असतात, परंतु टीका ऐकून घेण्याची परीक्षा मंडळाने अद्याप सुरू केलेली नसल्यामुळे हा विषय त्याला गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमात, भर सभेत आणि पूर्वतयारीविना सोडवावा लागतो.

आरंभीच्या अवस्थेत प्रत्येक दोषाला त्याच्यापाशी बाहेरचे कारण तयार असते. सम, म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा, हुकली तर तबलजीने लय ओढलेली असते आणि स्वर उतरला तर पेटी आडवी आलेली असते. पेटीचे स्वर बांधीव असल्यामुळे श्रुतींचे सूक्ष्म भेद तिच्यातून निघत नाहीत, हा आक्षेप जुना व सकारण असून आकाशवाणीने १९४०पासून सुमारे तीन दशके तिला साथीसाठी मज्जाव केला होता. मात्र हा इतिहास त्याला नेमका स्वतःचा गंधार खाली लागल्यावरच आठवतो.

‘मेहनत दिसते’ किंवा ‘या वयात एवढं म्हणजे खूपच’ अशा अभिप्रायांना तो दाद समजतो. गाण्याविषयी विचारल्यावर श्रोत्याने साबुदाणावड्याची स्तुती केली, तरी तिचा थोडा अंश तो आपल्या खात्यात जमा करतो.

त्याच्या शिक्षणाला खरा आरंभ होतो तो भूप गायल्यानंतर. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर असतात. भेद असतो तो वजनाचा, कारण भूपाचा वादी, म्हणजे रागात ज्याला प्राधान्य असते तो स्वर, गंधार, तर देशकाराचा धैवत. रात्रीच्या पहिल्या प्रहरी भूप गात असता आवाज तिथे बरा लागतो एवढ्याच कारणास्तव तो धैवतावर मुक्काम ठोकतो, आणि कार्यक्रम संपल्यावर कोणी जाणकार आजोबा, ‘देशकार सुरेख झाला हो,’ असे म्हणून चप्पल शोधू लागतात. हौशी गवई वाकून नमस्कार करतो. अर्थ उमगतो तो रिक्षात बसल्यावर. वास्तविक या वाक्याइतका मोठा मान त्याला सबंध सायंकाळी मिळालेला नसतो, कारण सभागृहात धैवत ऐकणारा निदान एक इसम होता असे त्यातून सिद्ध होते. पण हे पटायला त्याला बहुधा एक चातुर्मास लागतो.

दरम्यान तो मोबाइलवरचे स्वतःचे ध्वनिमुद्रण ऐकतो, आणि प्रथम ते दुसऱ्या कोणाचे असावे असा त्याचा दृढ समज होतो. यंत्राशी हुज्जत घालता येत नसल्यामुळे तो अखेर वही काढतो, ‘धैवतावर थांबू नये’ असे लिहितो, खाली रेघ मारतो आणि पुढील वर्षी आयोजकांकडे सकाळची वेळ मागून रीतसर देशकारच जाहीर करतो, ज्यात तो गंधारावर इतका रेंगाळतो की तेच आजोबा त्याच्या भूपाची मनःपूर्वक प्रशंसा करतात.