वरच्या खोलीतली स्थळं

कुणाला सांगणार नसाल तर सांगते. आमच्या वरच्या खोलीत गेलं वर्षभर स्थळं बघणं चाललंय. भाचा लग्नाचा आहे, अठ्ठाविसावं लागलंय, पण स्थळं मुलींची नाहीत हो. सॉफ्टवेअरची! रोज एक नवं, रोज त्याचं घराणं, आणि रात्रीपर्यंत त्याच्यात खोट.

पोरगं पुण्यातल्या एका कंपनीत. कोरोनात लॅपटॉप घेऊन आलं ते मालेगावातच राहिलं, आमच्याकडे कॅम्पात, कारण आमच्याकडे इन्व्हर्टर आहे. काम काय करतोस विचारलं तर म्हणे, डेव्हऑप्स. शेजारच्या वहिनींना ऐकू आलं 'देवऑप्स'. मुलगा ऑनलाइन पूजा सांगतो असं त्यांनी दोन महिने धरून ठेवलं. सत्यनारायणाचं विचारायलासुद्धा येऊन गेल्या.

मला त्याने लसूण सोलता सोलता समजावलं. प्रोग्राम लिहिणारे वेगळे, तो सर्व्हरवर चालता ठेवणारे वेगळे, आणि दोघांचं हाडवैर. पहिल्यांना रोज काहीतरी नवं चढवायचं असतं, दुसऱ्यांना वाटतं चाललंय त्याला हात लावू नका. म्हणजे सासू-सून. २००९ साली बेल्जियममधल्या गेंट गावी पॅट्रिक देबुआ नावाच्या गृहस्थाने दोन्ही पक्षांना एका मांडवात बसवलं, तिथून हे नाव निघालं. त्याच वर्षी फ्लिकर या फोटोंच्या साइटच्या दोघांनी भर सभेत सांगितलं की आम्ही दिवसाला दहादा नवा कोड चढवतो. दिवसाला दहादा! आमच्याकडे पडदे बदलायचे तर दिवाळी यावी लागते.

इथपर्यंत ठीक. पण एकदा यंत्रानेच चढवायचं, यंत्रानेच राखण करायची म्हटलं की अवजारं आली, आणि अवजारं आली की भानगडी. आणि काय एकेक भानगड!

कोड तपासून चढवणारा तो जेनकिन्स घ्या. चित्रात टाय लावलेला, हातावर रुमाल टाकलेला बटलर, दिसायला किती सभ्य. मूळ नाव हडसन. कोह्सुके कावागुची नावाच्या जपानी मुलाने सन कंपनीत असताना घडवला. सन गेली ओरॅकलच्या घरात, आणि ओरॅकल म्हणाली नाव आमचं. मग काय, २०११ साली मंडळींनी रातोरात नाव बदललं नि वेगळी चूल मांडली. नॅजिऑस नावाच्या जुन्या राखणदाराचंही तेच, तो आधी नेटसेंट होता. शेफ नावाचं एक आहे, त्यात रेसिपी, कुकबुक आणि नाइफ. मी जिन्यातून 'रेसिपी फेल झाली' ऐकलं आणि आनंदाने वर गेले, म्हटलं पोरगं स्वयंपाकाला लागलं.

कुबरनेटिसचं तर बोलूच नका. नाव ग्रीक, अर्थ सुकाणू धरणारा. गूगलने २०१४ साली बाहेर काढलं. एवढं लांब नाव कोण लिहिणार, म्हणून पहिलं अक्षर के, शेवटचं एस आणि मधली आठ अक्षरं मोजून के-एट-एस. ज्या डॉकरच्या डब्यांवर, म्हणजे प्रोग्राम बंद करून ठेवायच्या कंटेनरवर, याचं सगळं बस्तान बसलं, त्या डॉकरशी थेट जोडणारा दुवा यानेच २०२२ साली काढून टाकला. डबे तेच चालतात, फक्त डॉकरला आता बैठकीत बोलावत नाहीत. आहे की नाही?

आणि आता बसून ऐका. टेराफॉर्म नावाचं एक आहे, सर्व्हर उभे करण्याचं. वर्षानुवर्षं मोकळंढाकळं. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या मालक कंपनीने, हॅशिकॉर्पने, परवान्याच्या अटी बदलल्या. भाऊबंद चिडले, कोडची प्रत घेऊन घराबाहेर पडले आणि ओपनटोफू नावाने वेगळे राहू लागले. इकडे २०२५ च्या फेब्रुवारीत आयबीएमने हॅशिकॉर्पलाच घरात आणलं, ६.४ अब्ज डॉलर मोजून. त्या घरात आधीपासून कोण बसलंय? अन्सिबल, सर्व्हर जुळवण्याच्याच कामातली! तिला रेड हॅटने २०१५ मध्ये घेतलं होतं आणि रेड हॅटला आयबीएमने २०१९ मध्ये. म्हणजे जगभरातले इंजिनिअर ज्या दोघींची तुलना करून एकमेकांची डोकी फोडत होते, त्या आता एका घरातल्या जावा झाल्या. हे मी महिला मंडळात सांगितलं तर एक जण म्हणाली, जावा तर लँग्वेज असते ना? तिचा मुलगाही त्याच लायनीत.

या सगळ्याचं एक तक्ता-चित्र आहे. शेकडो कंपन्यांचे चौकोन, एकेक पोस्टाच्या तिकिटापेक्षा लहान. आमचं ध्यान ते भिंतीवर लावून झोपतं. मुलींच्या पत्रिका जेवणाच्या टेबलावर धूळ खातायत.

आता मुख्य गोष्ट. आमच्या यजमानांचे एक मित्र आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. बारा लूमचा कारखाना, ग्रे कापड. लाखावर लूम असलेल्या गावात बारा म्हणजे काही नाही, पण माणूस गोड. दिवसाला किती तागे उतरले, कुणाची किती मजुरी, सुताची कोणती पेटी कधी आली, एवढाच हिशेब. भाचा म्हणाला, चाचा, मी फुकटात ॲप करून देतो. ॲप त्याने एका रविवारी बनवलं, छान बनवलं. आणि मग ते ॲप चढवायचं कशाने, यात चार महिने गेले.

वापरणारे किती? चार. चाचा, त्यांचा मुलगा, मुनीमजी आणि जॉबर. त्या चौघांसाठी कुबरनेटिस. तीन मशीनवर, एक पडलं तर दुसरं असावं म्हणून. कोड तपासायला एक, डबे ठेवायला एक, पासवर्ड लपवायला एक, नोंदी गोळा करायला एक. राखणीला प्रोमिथियस आणि तो काय म्हणतो ते चित्रात बघायला ग्राफाना. पाहुणे आले की पोरगं तो ग्राफानाचा पडदा दाखवायचं, हिरव्या-पिवळ्या रेषा. सगळ्या सपाट. हलणार कशाने? मुनीमजी दिवसातून दोनदा ॲप उघडायचे, त्यातही एकदा चुकून.

पैसे त्याच्या खिशातून जात होते म्हणून आम्ही गप्प. पण एका रात्री पावणेतीनला वरून असा भोंगा वाजला की मी लाटणं घेऊन जिना चढले. पलीकडच्या आजी गॅलरीतून ओरडल्या, "काय व्हयनं वं? चोर उना का?" वर बघते तर हा चड्डी-बनियनवर लॅपटॉपपुढे. ॲप पडलं म्हणावं तर ॲप ठणठणीत. त्या वेळी ते वापरतंय कोण? डिस्क भरली होती. कुणाची? राखणदाराची. सगळं ठीक आहे, सगळं ठीक आहे, असं दर पंधरा सेकंदांनी लिहून लिहून प्रोमिथियसने स्वतःचीच वही भरवली होती. आजींना काय सांगू? म्हटलं, गुरखा आजारी आहे.

दुसऱ्या दिवशी चाचांना कळलं. ते हसले नाहीत. त्याला घेऊन कारखान्यात गेले, मीही गेले, कारण असं काही मी सोडत नाही. तिथल्या आवाजात बोलणं शक्यच नाही. चाचांनी एका चालत्या लूमच्या कडेला बोट दाखवलं. तिथे एक चिमुकला लोखंडी काटा. धोटा इकडून तिकडे जातो, बाण्याचा धागा टाकतो. धागा जागेवर असला की तो काट्याला ढकलून बाजूला ठेवतो. तुटला किंवा कांडी संपली की काट्याला कुणी ढकलत नाही, तो अडकतो, हँडल सुटतं आणि लूम थांबतो. बस. ना पडदा, ना रेषा. सगळं ठीक असताना तो काटा कुणालाही काही सांगायला जात नाही. ताण्याचा धागा तुटला तर या साध्या लूमवर ती सोयही नाही, तिथे कारागिराचे डोळे आणि बोटं. बाहेर आल्यावर चाचा एवढंच म्हणाले, "बेटा, दीडशे वर्षांहून जुनी डिझाइन आहे." पोरगं विचारात पडलं. मला वाटलं सुटलो. पण गाडीत बसल्यावर म्हणतं, मावशी, त्या काट्याला सेन्सर लावला तर?

आता हसावं की रडावं? याच गावात नासिर शेख यांनी दोन व्हीसीआर जोडून 'मालेगाव के शोले'चं एडिटिंग केलं. लोकांनी तो पिक्चर डोक्यावर घेतला, पुढे या मंडळींवर मुंबईवाल्यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' काढला. त्यांना कुणी विचारलं असतं की एडिटिंगला कोणतं टूल निवडलंत, तर म्हणाले असते, जे दुकानात होतं ते.

एका गोष्टीत मात्र चाचांनी त्याला पार चीत केलं. भाचा मोठ्या तोऱ्यात सांगत होता की आमच्या धंद्यात अलिखित नियम आहे, शुक्रवारी काही चढवायचं नाही. बिघडलं तर शनिवार-रविवार जातो. चाचा म्हणाले, एवढ्यासाठी इंजिनिअर व्हावं लागतं? आमचे लूम पिढ्यान्‌पिढ्या शुक्रवारी बंद. आणि बघा, १९ जुलै २०२४, वार शुक्रवार. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट सोडलं आणि जगभरातले ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. आमच्या गावात मोसम पुलाच्या पलीकडे त्या दिवशी लूम नेहमीप्रमाणे बंद होते, माणसं नमाजाला आणि मग पिक्चरला.

तर शेवटी एक खरं स्थळ आलं. मुलगी नाशिकची, आणि काय योग, त्याच लायनीतली. पोहे झाले, दोघांना गच्चीवर पाठवलं. मी कुंड्यांना पाणी घालायला गेले, कुणी काही म्हणू नये. हा सुरू झाला, जेनकिन्स का सोडलं, टेराफॉर्म की ओपनटोफू, ग्राफानाच्या रेषा. मुलीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, गिटलॅबचं २०१७ मध्ये काय झालं माहितीय ना? रात्री थकलेल्या माणसाने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला, बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, एकही धड चालत नव्हती. सहा तास आधीची एक प्रत नशिबाने सापडली. "तुमच्या त्या तागेवाल्या ॲपचा बॅकअप परत उतरवून शेवटचं कधी बघितलंत?"

माझी झारी भरून वाहायला लागली तरी उत्तर येईना.

मुलीकडचे गेले. निरोप अजून आलेला नाही. रात्री मात्र वरचा दिवा चालू, आणि साडेअकराला पोरगं खाली येऊन पाणी प्यायलं, चेहरा उतरलेला. बॅकअपच्या फायली रोज बनत होत्या, रोज हिरवी खूण येत होती. आत मार्चपासून काहीच नव्हतं.

सकाळी चहा न घेता कारखान्यात गेला. ॲप चालू होतंच, पण हा घाबरला होता, हिशेबाची एक खात्रीची प्रत हवी म्हणाला. मुनीमजींनी गल्ल्याखालून लाल कापडाची वही काढली. ॲप आल्यापासून एक दिवसही त्यांनी ती लिहायची सोडली नव्हती. कुणी विचारलं नाही म्हणून ते बोलले नव्हते. चष्मा पुसून त्यांनी विचारलं, "मार्चपासून पाहिजे, की त्याच्याही आधीचं?"