घरी कर्णे कसे पाळावेत (नवशिक्यांसाठी)

साहित्य : मोठे कर्णे २ नग. रिकामे कोपरे २. हमाल ४. अॅम्प्लिफायर १, लहान. फोमच्या पट्ट्या, लागतील तशा. घरातली माणसं, असतील तितकी. सोशिक असल्यास उत्तम.

कृती :

१. आधी कर्णा म्हणजे काय ते समजून घ्या. गडावर पुढे गेलेल्या मित्राला हाक मारताना आपण तोंडाभोवती हातांचा द्रोण करतो. घसा तोच, पण हाक लांब जाते. साध्या पेटीतला स्पीकर हवा ढकलतो, पण दिलेल्या विजेपैकी जेमतेम एखाद्या टक्क्याचा आवाज होतो. बाकीची उष्णता होते. पडद्यासमोर हळूहळू रुंदावत जाणारा कर्णा लावला की त्याची हवेवर पकड बसते. घोडं अडतं ते खर्जापाशी. ४० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी साडेआठ मीटर. तिला पुरेल असा सरळ कर्णा केला तर तो हॉलमध्ये सुरू होऊन जिन्यात संपेल. अमेरिकेत आर्कान्सॉ राज्यातल्या होप गावच्या पॉल क्लिप्श या इंजिनिअरने यावर तोड काढली. त्याने कर्ण्याची लाकडी पेटीत घडी घातली आणि पेटी कोपऱ्यात ढकलली. दोन भिंती आणि जमीन मिळून कर्ण्याचं उरलेलं तोंड तयार झालं. हा ‘क्लिप्शहॉर्न’ १९४६ पासून बाजारात आहे.

माझ्याकडे आहे ती त्याचीच जुनी जोडी. दादरच्या एका पारशी गृहस्थांकडून घेतली. मी पैसे मोजत असतानाच त्यांनी हमालांना हाक मारली होती. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

२. दार मोजा. एका कर्ण्याची उंची सव्वाचार फुटांच्या वर, रुंदी अडीच फुटांहून थोडी जास्त, वजन ८० किलोंच्या घरात. दादरच्या उंच छताखाली तो गरीब दिसतो. तुमच्या घरी दिसणार नाही. मोजताना सेफ्टी डोअर किती जागा खातं तेही धरा. मी धरलं नव्हतं. त्यामुळे एका रविवारी दुपारी एक ते चार आमच्या घराला दार नव्हतं आणि मजल्यावरचं प्रत्येक जण ‘नवीन फ्रीज का?’ असं विचारून गेलं. जुन्या कर्ण्याचा वरचा भाग सुटा होतो, हे मला चौथा हमाल जिन्यात मटकन बसल्यावर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगून ठेवतो.

३. कोपरे मोकळे करा. फ्लॅटला कोपरे चार, आणि चारही आधीच कुणाच्या तरी नावावर असतात. एकात कपाट, एकात देवघर, एकात चपलांचा रॅक, चौथ्यात खिडकी. खिडकीचा कोपरा बाद, कारण कर्ण्याच्या दोन्ही बाजूंना काही फूट सलग भिंत लागते. उरलेल्या तिघांशी वाटाघाटी करा. आमच्याकडे सासरे होकायंत्र घेऊन आले. ईशान्येला देव, तिथे जड वस्तू नको. नैर्ऋत्येला जड चालतं, चालतं काय, हवंच. मग दुसरा कर्णा आग्नेयेला. ‘वीज म्हणजे अग्नीच,’ ते म्हणाले. वास्तुशास्त्राने स्टिरिओची दक्षिण भिंत ठरवून दिल्याचं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

४. फट बुजवा. जुन्या कर्ण्यांना पाठ नसते. भिंत हीच पाठ. आपल्याकडे मात्र भिंतीच्या पायथ्याशी स्कर्टिंगची फरशी बोटभर पुढे आलेली असते. पेटी खाली तिला टेकते आणि वर सगळीकडे फट राहते. त्या फटीतून खर्ज निघून जातो. पहिल्या दिवशी तबला लावला तर डग्गा बिस्किटांच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला. मी जन्मभराच्या कमाईकडे बघत गप्प बसून राहिलो. मग फोमच्या पट्ट्या कापून पेटीच्या कडांना चिकटवल्या, रेटा देऊन पेटी भिंतीला बसवली. डग्ग्यावर मनगट घासत जातं तेव्हाचा तो घुमारा हॉलभर पसरला. खर्च दीडशे रुपये.

५. अॅम्प्लिफायर लहान घ्या. दुकानदार २०० वॉटचा दाखवेल. नमस्कार करून बाहेर पडा. एक वॉट दिला तर एक मीटरवर हा कर्णा १०५ डेसिबलपर्यंत जातो, असं कंपनी सांगते. साध्या लहान पेटीचे ८७ धरले तर फरक १८ डेसिबलचा. दर ३ डेसिबलला वॉट दुप्पट लागतात, म्हणजे हिशेब ६४ पटींवर गेला. माझा अॅम्प्लिफायर ३०० बी वाल्व्हचा आहे, साधारण ८ वॉटचा. त्यातले सात बहुतेक वेळा झोपलेले असतात.

६. भुंगा शोधा. इतक्या तीक्ष्ण कानाच्या स्पीकरला घरातलं काहीच लपत नाही. पहिल्या रात्री गाणं लावण्याआधीच हॉलमध्ये ‘घूंऽऽ’ सुरू झालं. अर्धा दोष अर्थिंगचा आणि टीव्हीच्या केबलचा निघाला, अर्धा पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ‘साहेब, ऐकताना पंखा बंद ठेवा की.’ पुण्यातला मे महिना होता. तीन दिवस मी किशोरीताईंना घामाघूम होऊन ऐकलं आणि चौथ्या दिवशी जुन्या बाजारातून खटक्याचा जुना रेग्युलेटर आणला. दोष मात्र नुसते घरातलेच ऐकू येतात असं नाही. आवडत्या रेकॉर्डवरचे ओरखडे पोहे भाजल्यासारखे तडतडतात. हार्मोनियमचा भाता धाप टाकतो. गायकाने दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि मागे कुणीतरी खोकलेलंही.

७. आता ऐका, पण हळू. इथेच नवशिका हमखास चुकतो. मित्र जमतात, कुणीतरी ‘जरा वाढव ना’ म्हणतं, आणि खालच्या काकूंच्या मांडणीतली भांडी ताल धरतात. मीही हे केलं. दुसऱ्या दिवशी काकूंना साखर द्यायला गेलो. त्यांनी साखर घेतली, बोलल्या नाहीत. आईची तक्रार नेमकी उलटी होती. ‘एवढी दोन धुडं आणलीस, आणि आवाज एवढाच?’ तिला आठ वॉट आणि ६४ पटींचा हिशेब सांगितला. तिने इस्त्रीचे कपडे नैर्ऋत्येच्या कर्ण्यावर ठेवले आणि ती आत गेली.

महिनाभराने, रात्री साडेदहाला, एका जुन्या नाट्यगीताची रेकॉर्ड लावली. आवाज इतका कमी की बेडरूमचं दार लोटलेलंच ठेवलं होतं. एक कडवं झालं असेल. स्वयंपाकघरातून आईने विचारलं, ‘कोण आलंय रे इतक्या रात्री?’

जोडणी बरोबर झाली, हे ओळखण्याची हीच खूण. कर्णे मोठ्याने ऐकण्यासाठी नसतात. लहान स्पीकर हळू लावला की गाणारा लांब जातो. कर्णा हळू लावला तरी गाणारा खोलीतच बसून राहतो. दारं काढायची, सासऱ्यांचं ऐकायचं, ते एवढ्यासाठी.

टीप : तरीही घ्यायचेच असतील तर आधी दार मोजा. टेप नसेल तर माझी घेऊन जा. मला आता ती लागणार नाही.