उंचीची चुंबळ

माझी उंची पाच फूट तीन इंच. हे वाक्य मी आजवर फार कमी वेळा खरं सांगितलेलं आहे. लग्नाच्या पत्रिकेत वडिलांनी परस्पर 'पाच-पाच' लिहून टाकलं होतं आणि बायकोनं ते दोन इंच तीस वर्षं पोटात घातले आहेत. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत माझा कायम पहिला नंबर असे; त्यानंतर पहिला नंबर कुठेच आला नाही. वर्गाच्या दर फोटोत मी खाली सतरंजीवर, 'इयत्ता सातवी ब'ची पाटी मांडीवर धरून बसलेला.

तेव्हा पन्नाशी उलटल्यावर मी जिमनी गाडीच घेतली, यात नवल नाही. बुटकी, चौकोनी, पण मान ताठ. हिचं घराणं १९७० सालचं, जपानातलं. आपल्याकडे १९८५ मध्ये आलेली जिप्सी याच घराण्यातली. पोलिसांपासून लष्करापर्यंत सगळ्यांनी तिला राबवलं. २०२३ मध्ये पाच दारांची जिमनी आली. लांबी ३९८५ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला दीड सेंटिमीटर कमी. ते वाचूनच मला ती आपल्यातली वाटली.

गाडी दारात आली आणि आठच दिवसांत शेजारच्यांनी थार आणली.

तसे शेजारी सज्जन आहेत. पण एका संध्याकाळी कठड्याला टेकून त्यांनी सहज विचारलं, "तुमचा ग्राउंड क्लिअरन्स किती हो?" मी म्हटलं, "दोनशे दहा." ते म्हणाले, "अच्छा. आमचा दोनशे सव्वीस." एवढंच. पुढे पावसाबद्दल बोलले. गाडीच्या बुडाखालच्या मोकळ्या जागेतले सोळा मिलिमीटर म्हणजे किती, हे मी रात्री पट्टी काढून बघितलं. करंगळीचं एक पेर जेमतेम. पण प्रार्थनेच्या रांगेत ज्यानं दहा वर्षं काढली आहेत, त्याला सोळा मिलिमीटर म्हणजे काय ते विचारा.

गॅरेजवाला पोरगेला होता, पण उंचीच्या बाबतीत अनुभवी. "काका, दोन इंच उचलून टाकू," तो म्हणाला. लहानपणी मासिकांत उंची वाढवण्याच्या औषधांच्या जाहिराती यायच्या, त्यांतला माणूस असाच छातीठोकपणे बोलत असे. मी विचारलं, "उचलायची म्हणजे नेमकं काय करायचं?" त्यानं फळीवरून एक जाडजूड काळं कडं काढून माझ्या हातात ठेवलं. "हा स्पेसर. स्प्रिंगच्या डोक्यावर बसतो. चार चाकांना चार."

मी ते कडं उलटसुलट करून बघितलं आणि न राहवून म्हणालो, "अरे, ही तर चुंबळ!"

आमची आजी डोक्यावर आधी चुंबळ ठेवायची आणि मग तिच्यावर हंडा. चुंबळीनं हंडा दोन बोटं उंच व्हायचा. आजी होती तेवढीच राहायची. हा शेवटचा भाग मला त्या दिवशी गॅरेजमध्ये आठवायला हवा होता.

काम एका दिवसाचं होतं, ते आठवडाभर चाललं. गाडीत एकट्या स्प्रिंगची उंची वाढत नाही, तिच्या सगळ्या गोतावळ्याची वाढवावी लागते. स्प्रिंग उंच झाली म्हणून शॉकअप आखूड पडले. ते लांब घेतले. शॉकअप लांब झाले म्हणून ब्रेकचे पाइप ताणले, तेही बदलले. मग पॅनहार्ड रॉड नावाचा एक आडवा दांडा निघाला. त्याचं एक टोक चेसिसला आणि दुसरं एक्सलला. चेसिस वर गेली की हा तिरका होतो आणि अख्खा एक्सल एका बाजूला ओढतो. गाडी सरळ उभी, चाकं मात्र किंचित शेजाऱ्याच्या दिशेला. शेवटी कॅस्टर. पुढच्या चाकांच्या बैठकीचा हा कोन बिघडला की वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ व्हायचं विसरतं. त्यासाठी वेगळे बुश. दर वेळी पोरगा म्हणायचा, "काका, एवढं केलं की झालं." मुलीच्या लग्नात आचारीही असंच म्हणत होता.

टायरही रुंद घेतले: १९५/८० जाऊन २१५/७५ आले. गाडी बाहेर आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं आणि स्वतःचीच पाठ ताठ केली. शेजारी म्हणाले, "वा, उंच झाली!" सतरंजीवरच्या मुलाला इतक्या वर्षांनी कुणीतरी मागच्या बाकावर उभं केलं होतं.

पहिली तक्रार आईची आली. आई ७९ वर्षांची. तिनं दार उघडलं, आत बघितलं, खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "गाडी उंच केलीस ते बरं केलंस. आता मलाही कर." तेव्हापासून गाडीत एक पाट असतो. देवळापाशी थांबलो की मी उतरतो, मागून पाट काढतो, दाराखाली मांडतो, आई चढली की पाट परत मागे. बघणाऱ्याला वाटावं, पंगत बसते आहे. गॅरेजवाल्याला सांगितलं तर तो म्हणाला, "फूटस्टेप लावून घ्या ना." म्हणजे दोन इंच वर केलेल्या गाडीखाली सहा इंच खाली लोंबणारी पायरी. मी पाटावर समाधान मानलं.

दुसरी तक्रार समोरून येणाऱ्यांची. गाडीचं नाक वर गेल्यामुळे दिव्यांचा झोत थेट त्यांच्या डोळ्यांत. तोही खाली करून घेतला. घाटाच्या वळणावर गाडी पूर्वीपेक्षा जास्त झुकू लागली, कारण वजनाचा मध्य वर सरकला होता. बायको एक हात वरच्या मुठीवर ठेवून म्हणाली, "अहो, जरा हळू." तीस वर्षांत तिनं वेगाबद्दल पहिल्यांदाच तक्रार केली, आणि तीही चाळीसच्या वेगात.

मग तो रविवार आला. भोरहून वरंधा घाटाकडे जाताना नीरा-देवघरच्या पाण्याच्या अंगानं एक कच्ची वाट खाली उतरत होती. वाटेच्या मधोमध एक दगड होता. पूर्वी मी वळसा घातला असता. आता मनाशी म्हटलं, दोन इंच कशासाठी घेतले आहेत? दगड बरोबर मधे घेतला. खाडकन आवाज आला आणि गाडी थांबली.

वाकून बघितलं. जिमनीची दोन चाकं एका अखंड लोखंडी आखानं जोडलेली असतात आणि त्या आखाला डिफरन्शियलचा गोळा असतो. सगळ्यांत खाली तोच, आणि दगडाला टेकला होता तोही तोच. स्प्रिंग आखाच्या वर, चुंबळ स्प्रिंगच्याही वर. तेव्हा दोन इंच वर गेलं ते चेसिस आणि तिच्यावर बसलेले आम्ही. चढ ओलांडताना पोट घासू नये, चाक खड्ड्यात आणखी खाली उतरावं, यासाठी हा खटाटोप कामाचा आहेच. पण आख वर जातो तो फक्त चाक मोठं केल्यानं. माझ्या नव्या टायरांनी तो किती वर गेला, याचा हिशेब मी त्या दगडापाशीच मांडला: पाच मिलिमीटर.

बांधावरून एक म्हातारबुवा येऊन उभे राहिले. त्यांनी दगड बघितला, गाडी बघितली, मला बघितलं. "पाव्हणं, दगूड मधी घेत्यात व्हय? दगडावर चाक घालायचं. आख आपसूक वर व्हतो." आणि खोपटाकडे बोट दाखवलं. तिथे एक जुनी बैलगाडी टेकून ठेवली होती. तिचं चाक माझ्या छातीला लागलं असतं, आख मांडीला. तिला कुणी कधी चुंबळ घातली नव्हती.

ते म्हणाले तसं गाडी मागे घेऊन एक चाक दगडावर घातलं. गाडी कुरकुरली, एका अंगाला कलली आणि निघाली.

घरी आल्यावर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलमही वाचलं. गाडीत मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायचे नाहीत, असं त्यात म्हटलं आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठणकावून सांगितलं. हे मी आधी वाचायला हवं होतं. पण उंची वाढवायला निघालेला माणूस कायदा वाचत बसत नाही. पुढच्याच शनिवारी गाडी होती तशी करून आणली. पोरग्यानं चारही कडी पिशवीत घालून परत दिली.

त्यांतली तीन माळ्यावर आहेत. चौथं बायकोनं ओट्यावरच्या माठाखाली ठेवलं आहे. पूर्वी तोटीखाली तांब्या तिरका धरावा लागे. आता सरळ बसतो.