हिसकामामा

गाडी गॅरेजसमोर डबल स्टँडला लागली आणि मिस्त्रीनं पाना हातात घेतला, की मामा येतात. कुठून येतात ते मला आजवर कळलेलं नाही. घटकाभरापूर्वी औंढा रोड रिकामा असतो, हळदीची पोती लादलेला एखादा ट्रॅक्टर तेवढा मार्केट यार्डाकडं धडधडत गेलेला असतो. पान्यानं नट धरला रे धरला, की मानेमागून आवाज येतो, "जाम हाय का?"

पांढरा शर्ट, खांद्यावर रुमाल, खिशात अडकित्ता. अर्धं आयुष्य गॅरेजच्या दारात घालवूनही शर्टाला तेलाचा एक ठिपका नाही. मामांकडं स्वतःची गाडी नाही, कधी नव्हतीही. पण दुसऱ्याच्या गाडीवर त्यांचा उपाय ठरलेला असतो : "एक हिसका द्या." म्हणून त्यांचं नाव हिसकामामा. हे आमच्या हिंगोलीचे झाले. वसमतला, कळमनुरीला, सेनगावला आपापले हिसकामामा आहेत. मामांवाचून गॅरेज मी तरी पाहिलेलं नाही.

गाडी वडिलांची, सीडी-१००. हे मॉडेल १९८५ साली आलं आणि आमच्या दारात पाचेक वर्षांनी. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं जाहिरात सांगायची. आमच्या घरानं तिचा शेवटचा शब्द तेवढा मनावर घेतला. तीस वर्षं सायलेन्सरच्या नटाकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा. रोज तापायचं, रोज निवायचं, पावसाळ्यात कयाधूकाठचा चिखल वर उडायचा. दोन जातींचे धातू आणि मध्ये ओल, म्हणजे गंजाला आवतनच. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा धरतो, त्यामुळे आटे असे चोंदतात की सुई जाणार नाही. गाडीची पाटी एमएच-२२, म्हणजे परभणीची. १ मे १९९९ ला हिंगोली परभणीपासून सुटली, नवी पाटी एमएच-३८ झाली. स्टड मात्र होता तिथंच राहिला.

"तीस वर्षांचा भाडेकरू हाय," मिस्त्री म्हणाला. "असा निघायचा न्हाई. आज डिझेल सोडतो, रातभर मुरू द्या, उद्या बघू."

"उद्या कामून?" मामा म्हणाले. "एक हिसका द्या की."

मिस्त्रीनं ऐकलं नाही. ऐकलं मी. मला दुपारी नर्सीला लग्नाला जायचं होतं. "देऊन बघा ना," असं माझ्या तोंडून गेलं, आणि मिस्त्रीनं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी सही करून दिली. दहा नंबरचा पाना. एक हिसका. पहिल्यांदा काहीच नाही, मग पाना एकदम हलका झाला, लोण्यातून फिरावा तसा.

"फिरला!" मामा ओरडले.

फिरला खरा, पण नटासकट निम्मा स्टड पान्यात आला होता. उरलेला हेडमध्ये, जेमतेम दोन मिलिमीटर डोकं वर काढून. मामांनी रुमाल झटकला. "मी म्हणलंच होतं," ते म्हणाले, "घाई करू नका."

पुढचा अर्धा तास तिथं ग्रामसभा भरली. एकजण म्हणाला, छन्नी लावा. एकजण म्हणाला, हेड नांदेडला लेथवर न्या. पानटपरीवाल्यानं गाडी विकायचा सल्ला दिला, तो मला सगळ्यांत शहाणपणाचा वाटला. मी लग्नाचा नाद सोडला होता. नर्सी म्हणजे नामदेवांचं गाव. औंढ्याला कीर्तनाला बसलेल्या नामदेवांना देवळामागं घालवलं, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं, असं आमच्याकडं लहानपणापासून ऐकवतात. ज्या जिल्ह्यात अख्खं दगडी देऊळ फिरलं, तिथं सहा मिलिमीटरचा लोखंडी तुकडा फिरेना.

"इजी-आउट लावा," मामा म्हणाले.

मिस्त्री फार बोलणारा नाही, पण यावर बोलला. "इजी-आउट आत तुटला तर त्याला ड्रिलबी खात न्हाई, मामा. मग?"

"तेच म्हणायलो मी. लावू नका."

मिस्त्रीनं बॅटरीची वायर सोडली. तुटक्या स्टडच्या डोक्यावर एक मोठा नट ठेवला आणि मधल्या भोकातून वेल्डिंगचा टाका भरला. लोखंडाचं वेल्डिंग ॲल्युमिनियमला धरत नाही, स्टडला तेवढं धरतं, आणि त्या धगीनं आतला गंजही जागचा सुटतो. दोन वेळा टाकाच तुटला. तिसऱ्यांदा त्यानं लाल नट काळा पडू दिला आणि मेणबत्तीचं बूड स्टडच्या मुळाशी टेकवलं. मेण पातळ होऊन आट्यांत ओढलं गेलं, पांढरा धूर निघाला. मग पाना लावून त्यानं पहिल्यांदा नट आवळला.

"अहो, उलटं करायलात!" मामा घायकुतीला आले.

मिस्त्री इकडं आवळत होता, तिकडं सोडत होता, इकडं, तिकडं. मामा गुडघ्यावर हात ठेवून वाकले, त्यांची सावली नेमकी स्टडवर. "मामा, उजेड सोडा." मामा इंचभर सरले आणि पुन्हा वाकले.

"हलला! सूतभर हलला!"

मला तर काही दिसलं नाही. औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगो वेधशाळा व्हायची आहे. केंद्रानं २०२३ साली तिला २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्शापेक्षाही बारीक हालचाल पकडायची, असं ते काम. वेधशाळा उभी राहीपर्यंत तिथं मामांना बसवायला हरकत नाही.

पण मामांचं खरं निघालं. कर्र... असा कोरडा आवाज आला, आट्यांतून तपकिरी भुगा सांडला आणि स्टड घामट चेहऱ्यानं बाहेर आला. त्याच क्षणी रस्त्यानं जाणाऱ्या कुणाला तरी मामा सांगत होते, "काढला बघा आपण."

चहा मी पाजला. मामा हात धुवायला गेले तेव्हा (धुण्यासारखं हाताला काही नव्हतं) मी मिस्त्रीला हळूच विचारलं, "ह्यांना तुम्ही उभं कसं राहू देता?"

"तुमचा बोल्ट तुटला तव्हा तुम्ही कुणाकडं डोळे वटारले?" मिस्त्री म्हणाला. "मामा नसते तर माझ्याकडं वटारले असते."

मग तो म्हणाला, जुना तुकडा घेऊन दुकानात जा, आटे जुळवून नवा स्टड आणा. तुकडा कुठं होता? जाजमावर नाही, डब्यात नाही, गाडीखाली नाही. पोरानं लोहचुंबक फिरवून पाहिला. मामा शांतपणे चहाचा शेवटचा घोट घेत होते. मग त्यांनी कप ठेवला, खिशात हात घातला आणि अडकित्ता, चुन्याची डबी, सुपारीची खांडं असं एकेक स्टुलावर मांडलं. त्यांच्यामागून सहा-सात तुटके स्टड आले, प्रत्येकाच्या डोक्यावर वेल्डिंग केलेल्या नटाचं मुंडासं.

मामांनी ते बोटानं जरा पसरले.

"बघा बरं," ते म्हणाले, "ह्यातला तुमचा कोणता?"