लाईट आल्यावर करायचे प्रयोग

या मार्गदर्शिकेविषयी

वीज, चुंबक आणि गती हे तीन विषय शाळेत तीन वेगळ्या धड्यांत असतात. ते वेगवेगळे पाठ करता येतात आणि परीक्षा झाली की वेगवेगळे विसरता येतात. डोंगरकड्याच्या शिवारात ही सोय नाही. नांदेड-हिंगोली रस्त्यावरच्या या गावात केळीला किंवा हळदीला पाणी द्यायचं म्हटलं की तिन्ही विषय एकाच रात्री, पत्र्याच्या एकाच पेटीत, एकदम समोर येतात.

ही मार्गदर्शिका शेतकऱ्यांसाठी नाही. त्यांचा अभ्यासक्रम कधीच पूर्ण झाला आहे. ही आहे सुट्टीला गावी आलेल्या भाच्यासाठी. भाचा बारावी सायन्सला आहे, फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम त्याला तोंडपाठ आहे, आणि मामाने आजपर्यंत त्याला स्टार्टरला हात लावू दिलेला नाही.

साहित्य

पाच एच.पी.ची एक पाणबुडी मोटर. ती विहिरीत असल्याने दिसणार नाही, आहे असं धरून चालावं. एक स्टार्टर. त्याच्या पेटीत एक पाल असते. तिची नोंद साहित्यात करू नये. एक बॅटरी, म्हणजे टॉर्च. रबरी, कोरड्या चपला. लाईनमनचा नंबर. लाईटचं वेळापत्रक, ज्यात काही दिवस लाईट दिवसा आणि काही दिवस रात्री असते. भौतिकशास्त्र शक्यतो रात्रीच्या आठवड्यात शिकावं, डोकं थंड राहतं. बाकीचं अंगही थंड राहतं.

धडा पहिला: दाब

लाईट आली की नाही हे बघणं हा पहिला प्रयोग. लांबच्या आखाड्यावरचा बल्ब लागला म्हणजे लाईट आली. पण बल्ब तांबडा दिसत असेल तर लाईट आली आहे, दाब आलेला नाही. या दाबाला पुस्तकात विभवांतर म्हणतात आणि शिवारात होल्टेज म्हणतात.

भाच्याला समजावताना ईसापूर धरणाचा कालवा घ्यावा. कालव्याच्या तोंडाशी पाणी जोरात असतं. वाटेतल्या प्रत्येकाने आपली दारं उघडली की टेलच्या माणसापर्यंत ओल पोचते, पाणी पोचत नाही. तारेचंही तसंच आहे. तार कितीही चांगली असली तरी तिला रोध असतो. तिच्यातून जितके जास्त अँपिअर जातील आणि ती जितकी लांब असेल, तितका दाब वाटेतच खर्ची पडतो. म्हणून डीपीजवळच्या, म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळच्या वावरात 415 व्होल्ट आणि शेवटच्या वावरात तीनशेच्या आसपास, असं होतं.

आता खरी गंमत. दाब पाऊण झाला तर मोटरचा जोरही पाऊण व्हावा, असं भाच्याला वाटेल. तसं होत नाही. या मोटरचा पीळ दाबाच्या वर्गावर चालतो. 415 चे 300 झाले की उठण्याचा जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. मग मोटर नुसती गुरगुरते. "मोटर उचलंना" हे वाक्य गावात वर्षानुवर्षं बोललं जातं. त्यात एक वर्गसमीकरण लपलं आहे, हे बोलणाऱ्याला कुणी सांगितलेलं नसतं.

धडा दुसरा: धक्

स्टार्टरचं हिरवं बटण दाबावं. आतून 'धक्' असा आवाज येतो. या आवाजात एकोणिसाव्या शतकाचा बराचसा भाग आहे.

1820 साली कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड नावाच्या प्राध्यापकांनी तारेतून वीज सोडली, तेव्हा जवळचं होकायंत्र हललं. विजेपासून चुंबकत्व तयार होतं, हे जगाला त्या दिवसापासून कळलं. स्टार्टरमध्ये तेच होतं. आतल्या कॉइलमधून वीज गेली की तिचं चुंबक बनतं, ते लोखंडी पट्टी ओढून धरतं, आणि पट्टीबरोबर तिन्ही फेजचे संपर्क जुळतात. लाईट गेली की चुंबक मरतं, स्प्रिंग पट्टीला मागे ढकलते आणि मोटर सुटी होते. परत लाईट आली तर कुणीतरी बटण दाबेपर्यंत मोटर गप्प राहते. विहिरीत उतरलेल्या माणसाचा जीव त्यामुळे वाचतो.

ही कॉइल अशक्त झाली की पट्टी धरत नाही. बटण सोडलं की मोटर बंद. यावर आपल्याकडे एक स्वदेशी उपाय आहे: बटण दाबून त्यात तुरीच्या काटकीचा तुकडा खोचणे. भाचा विचारेल, "मामा, ही काडी सर्किटमध्ये कुठं दाखवायची?" कुठेच नाही. पण ओर्स्टेडपासून पुढे शंभर वर्षं शास्त्रज्ञांनी जी सुरक्षा उभी केली, ती या बोटभर काडीने रद्द होते. पेटीत काडी दिसली तर हा धडा तिथेच थांबवावा आणि कॉइल बदलून आणावी.

धडा तिसरा: तिघांचा पाळणा

थ्री फेज म्हणजे तीन तारा, हे सगळ्यांना माहीत असतं. तीनच का, हे विचारलं की मोठी माणसं चहा मागवतात.

जत्रेतला हाताने फिरवायचा गोल पाळणा आठवावा. त्याच्याभोवती सारख्या अंतरावर तीन माणसं उभी आहेत आणि दांडा समोर आला की एकेक जण पाळीने ढकलतो आहे. पाळणा गोल फिरत राहतो. मोटरमधल्या तीन फेजा असंच करतात. प्रत्येक फेजेचं चुंबकत्व एकापाठोपाठ एक शिखरावर येतं आणि मधल्या पोकळीत न दिसणारं चुंबक गरगर फिरू लागतं. 1888 साली इटलीत फेरारिस आणि अमेरिकेत टेस्ला यांनी ही युक्ती जगापुढे ठेवली. त्या फिरत्या चुंबकाच्या मागे आतलं लोखंड धावतं आणि आपल्या पाटात पाणी पडतं.

आता एक फेज उडाला. तिघांतला एक जण जेवायला गेला. उरलेल्या दोन तारांमध्ये मिळून एकच लाट असते, आणि एका लाटेने चुंबक फिरत नाही, नुसतं पुढे-मागे झुलतं. बंद मोटर अशा वेळी उठतच नाही. जी आधीपासून फिरत होती ती फिरत राहते, पण उरलेल्या वायंडिंगमधून सुमारे पावणेदोन पट करंट ओढते. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास तिप्पट. मोटर चालू दिसते, पाणी थोडं कमी येतं, मालक झोपतो. सकाळी वास येतो.

यावर कंडेन्सर लावतात. कंडेन्सर विजेच्या लाटेला थोडं पुढे सरकवतो, म्हणजे जेवायला गेलेल्या माणसाच्या जागी बुजगावणं उभं करतो. बुजगावण्याने पाखरं उडतात, पण त्याने राखण केली असं कुणी म्हणत नाही. तिसऱ्या फेजेचंही तेच.

उपप्रयोग: डीपी बदलून आली की दुसऱ्या दिवशी अख्ख्या शिवाराच्या मोटरी उलट्या फिरू शकतात. पाणी येतं, पण रडतरडत. मोटर बिघडली म्हणून ती विहिरीबाहेर ओढू नये. तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल झाली की ढकलणाऱ्यांचा क्रम उलटतो आणि पाळणा सरळ फिरू लागतो. ही अदलाबदल वायरमनकडून, लाईट बंद असताना करून घ्यावी.

धडा चौथा: मागे राहण्याचं महत्त्व

या मोटरमधलं फिरतं चुंबक मिनिटाला 3,000 फेरे घेतं, कारण आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली जनित्रंही त्याच तालावर फिरतात. म्हणजे चंद्रपुरात कोळशावर फिरणारं यंत्र आणि डोंगरकड्याच्या विहिरीत फिरणारं अदृश्य चुंबक यांचा ताल एकच.

पण मोटरचा आतला दांडा मिनिटाला सुमारे 2,850 फेरेच घेतो. तो जरा मागे राहतो, आणि मागे राहतो म्हणूनच काम करतो. फॅरेडेने 1831 साली दाखवून दिलं की तारेजवळचं चुंबकत्व बदलत राहिलं तरच तारेत वीज उपजते. दांडा चुंबकाच्या बरोबरीने धावू लागला तर त्याच्या दृष्टीने काहीच बदलत नाही, मग वीज नाही, जोर नाही. तो मागे पडतो, पुन्हा ओढला जातो, पुन्हा धावतो. गाठायचं तर नाही आणि थांबायचंही नाही.

भाच्याला हे अवघड जातं. मामाला जात नाही. केळीचा भाव, हळदीचा भाव आणि खताचा भाव यांच्यामागे मामा असाच धावत आला आहे.

धडा पाचवा: जडत्व

न्यूटनचा पहिला नियम सांगतो की थांबलेली वस्तू थांबूनच राहू पाहते. हा नियम डीपीला सर्वांत जास्त छळतो.

पाच एच.पी.ची मोटर फिरू लागल्यावर साडेसात अँपिअरच्या आसपास घेते. उठताना मात्र त्याच्या सहापट, म्हणजे 45 अँपिअर. आता हिशेब करा. एका शंभरच्या, म्हणजे शंभर केव्हीएच्या डीपीवर वीस मोटरी आहेत आणि सगळ्यांनी ऑटो बसवले आहेत, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू. रात्री लाईट येते. मालक घरी गाढ झोपेत असतो आणि वीस मोटरी एका क्षणी जाग्या होतात: वीस गुणिले 45, म्हणजे 900 अँपिअर. शंभरच्या डीपीची ऐपत प्रत्येक फेजेला 133 अँपिअरच्या आसपास. फ्यूज उडतो. कुणीतरी जाऊन जाड तार बांधतो. मग फ्यूज उडत नाही, डीपी उडते.

सौरपंपवाल्यांनी हा धडा वगळावा. त्यांचा कंट्रोलर मोटरला हळूहळू वेगात आणतो. त्यांच्यासाठी श्रावणातल्या ढगांवर वेगळा धडा आहे.

बाकीच्यांना एकच सोपा उपाय: पाळी लावणे. दहा मोटरी आधी, दहा नंतर, आणि सुरू करताना एकामागे एक. भौतिकशास्त्राने हा प्रश्न सोडवून ठेवला आहे. राहिला आहे तो भावकीचा प्रश्न, आणि तो अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

धडा सहावा: फी

साडेसात एच.पी.पर्यंतच्या शेतीपंपांना राज्यात 2024 पासून वीजबिल माफ आहे. पण शिकवणीची फी माफ नाही. ती वायंडिंगच्या दुकानात भरावी लागते.

भाच्याला तिथे अवश्य न्यावं. बाकड्यावर उघडी पडलेली मोटर, काळा पडलेला तांब्याचा गुंडाळा, जळक्या प्लास्टिकचा घशात बसणारा वास. कारागीर जुन्या गुंडाळ्यातले वेढे मोजतो आणि बरोबर तेवढेच वेढे नव्या तारेचे भरतो. दोन कमी झाले तरी चालणार नाही, कारण चुंबकाचा जोर वेढ्यांवर अवलंबून आहे. पुस्तकात या वेढ्यांसाठी 'एन' हे एकच अक्षर आहे. त्या अक्षराचे पैसे किती होतात, हे बिल हातात पडल्यावर कळतं.

मोटर का जळाली ते कारागीर गुंडाळा बघूनच सांगतो. एका फेजेचा भाग शाबूत आणि बाकीचे काळे, तर फेज उडाला होता. सगळाच काळा, तर दाब कमी होता किंवा मोटर अडकली होती. एवढं नेमकं निदान फार थोडे प्राध्यापक करू शकतील.

पुढील अभ्यासासाठी

गतीची गोडी लागली असेल तर आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथला जावं. तिथे जवळच लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्राने 2023 साली तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिला चार-चार किलोमीटरचे दोन हात असतील आणि दूरवरच्या कृष्णविवरांच्या टकरीने अवकाश थरथरलं तर ते त्या हातांना कळेल. ही थरथर प्रोटॉनच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असते. तिथले आरसे जरासुद्धा हलू नयेत म्हणून सगळी खटपट. इथे आम्ही मोटर जराशी तरी हलावी म्हणून रात्री काढतो. एकाच जिल्ह्यात गतिशास्त्राची ही दोन टोकं सापडणं हा डोंगरकड्याच्या विद्यार्थ्यांचा योग.

शेवटची सूचना

आतापर्यंतचे सगळे धडे चुकले तरी चालतील. मोटर जळाली तर पुन्हा भरता येते, डीपी गेली तर उशिरा का होईना येते. हा एक धडा मात्र चुकवू नये.

माणसाला झटक्यापासून वाचवणारा घरातला ब्रेकर 30 मिलिअँपिअरला तुटतो, कारण त्याच्या वर गेलं की हृदयाचा भरवसा राहत नाही. आपली मोटर याच्या अडीचशे पट करंट रोज पिते. ओल्या मातीत उभ्या, अनवाणी, झोपेतून उठून आलेल्या माणसाने डीपीच्या फ्यूजला हात घातला, तर त्याच्या अंगाला अडीचशेवा हिस्सासुद्धा पुरतो. म्हणून पेटीला अर्थिंग करून घ्या, पाण्यात पडलेल्या तारेजवळ जाऊ नका, डीपीवर लाईनमनशिवाय कुणी चढू नका आणि कुणाला चढवू नका.

फेज रात्री गेला तर मोटर बंद करा आणि झोपा. केळ एक रात्र तहानलेली राहू शकते.